एम.एस्सी. मॉलिक्युलर बायोलॉजी, कोल्हापूर : दोन वर्षांत पदरात काय पडते

बी.एस्सी.चा निकाल लागला की कोल्हापुरातल्या अनेक घरांत एकच विषय चघळला जातो : पुढे बी.एड., बँकेच्या परीक्षा, स्पर्धा परीक्षांचा क्लास, की एम.एस्सी.? त्यातही मायक्रोबायोलॉजी, बायोकेमिस्ट्री, बायोटेक्नॉलॉजी आणि मॉलिक्युलर बायोलॉजी ही नावे पालकांना सारखीच वाटतात, आणि पहिल्या वर्षाचा अभ्यासक्रम पाहिला तर त्यांचे फारसे चुकत नाही. मी याच शहरातल्या एका महाविद्यालयातून मॉलिक्युलर बायोलॉजीत एम.एस्सी. केले आणि आता अन्नपदार्थ तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत काम करते. फी भरून आणि दोन वर्षे खर्च करून घेतलेली एक सेवा, या दृष्टीने मी येथे या पदवीचे परीक्षण करणार आहे. महाविद्यालयाचे नाव घेतलेले नाही, कारण इतर ठिकाणी शिकलेल्या मैत्रिणींशी बोलताना गुणही तेच निघतात आणि रडगाणीही तीच.

आधी वर्गातल्या शिकवण्याबद्दल. डीएनएची प्रतिकृती कशी होते, जनुके केव्हा चालू आणि केव्हा बंद होतात, पेशीचक्राला लगाम कोण घालते, एन्झाइमांचा वेग कसा मोजतात, प्रतिकारशक्ती आपले-परके कसे ओळखते, हा सगळा भाग अभ्यासक्रमात असतो आणि बऱ्यापैकी शिकवलाही जातो. परंतु एवढ्यासाठीच कोणी प्रवेश घेणार असेल तर मी नको म्हणेन. ही माहिती ग्रंथालयातल्या जाडजूड पाठ्यपुस्तकांत आहे आणि मोबाइलवर उत्तम व्याख्यानांच्या रूपात फुकटही आहे. वर्गात बसण्याचे सार्थक होते ते एखादा चांगला शिक्षक निष्कर्ष बाजूला ठेवून त्यामागचा प्रयोग शिकवतो तेव्हा. मेसेल्सन आणि स्टाल यांचा १९५८चा प्रयोग आम्हाला असा शिकवला गेला. जड नायट्रोजनवर वाढवलेले जीवाणू साध्या नायट्रोजनवर आणायचे आणि प्रत्येक पिढीनंतर त्यांचा डीएनए सीझियम क्लोराइडच्या द्रावणात वेगाने फिरवून त्याचे पट्टे कुठे बसतात (जड डीएनए खाली, हलका वर) ते पाहायचे, इतके सांगून सर थांबले. प्रतिकृतीबद्दल तेव्हा तीन तर्क होते : जुने दोन्ही धागे एकत्रच राहतात, प्रत्येक नव्या रेणूत एक जुना आणि एक नवा धागा येतो, किंवा जुने-नवे तुकडे सगळीकडे मिसळतात. त्यांतला प्रत्येक तर्क खरा असता तर पट्टे कुठे दिसले असते, ते प्रत्येकाने आधी वहीत काढायचे होते. चित्रे काढून झाल्यावरच खरा निकाल दाखवला गेला. पहिल्या पिढीनंतर मधोमध एकच पट्टा, म्हणजे एक तर्क बाद. दुसऱ्या पिढीनंतर मधला आणि हलका असे दोन पट्टे, म्हणजे दुसराही बाद. परीक्षेत या प्रयोगावर पाच गुणांची टीप येते आणि ती तोंडपाठ करून लिहिता येते. असे तास वर्षभरात मोजकेच झाले, ही तक्रार मात्र नोंदवायलाच हवी.

या पदवीचा कस लागतो तो प्रॅक्टिकलमध्ये. डीएनए वेगळा करायला कोल्हापूर जिल्ह्यात शिकवायचे तर ऊस सोडून दुसरे काय घेणार? पोंग्यातले कोवळे पान आणायचे, ते कात्रीने बारीक कापून खलात घोटायचे, सीटॅब नावाच्या साबणासारख्या रसायनाच्या ६५ अंश सेल्सियस तापमानाच्या द्रावणात ठेवायचे आणि मग क्लोरोफॉर्म व आयसोअमाइल अल्कोहोल २४ : १ या प्रमाणात मिसळून सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायचे. नळी बाहेर काढली की तीन थर दिसतात : तळाशी हिरवट क्लोरोफॉर्म, मध्ये पांढुरकी चकती, आणि वर स्वच्छ पाण्याचा थर, ज्यात डीएनए असतो. मधल्या चकतीला धक्का न लावता वरचा थर मायक्रोपिपेटने उचलायचा, हे वाचायला सोपे असले तरी अंगठा सावकाश सोडण्याची सवय लागेपर्यंत चकती हमखास वर येते. पिपेटच्या बटणाला दोन टप्पे असतात, पहिल्यापर्यंत दाबून द्रव घ्यायचा आणि दुसऱ्यापर्यंत दाबून तो पूर्ण सोडायचा, ही गोष्ट पुस्तकात एका ओळीत संपते. बोटांना ती कळायला कित्येक आठवडे लागतात.

ऊस हे नमुना म्हणून फार खट पीक आहे. त्यातल्या बहुशर्करा डीएनएबरोबर खाली बसतात आणि नळीच्या तळाशी चिकट, बुळबुळीत गोळा तयार होतो. फिनॉलवर्गीय द्रव्यांचे ऑक्सिडीकरण झाले की तो तपकिरीही होतो. म्हणून द्रावणात पीव्हीपी आणि मर्कॅप्टोइथेनॉल ही रसायने घालावी लागतात. आमच्या बॅचमध्ये ‘को ८६०३२’ आणि ‘फुले २६५’ या दोन वाणांची पाने घेतली होती. प्रकाश किती शोषला जातो ते मोजणाऱ्या स्पेक्ट्रोफोटोमीटरवर २६० आणि २८० नॅनोमीटरच्या वाचनांचे गुणोत्तर १.८च्या आसपास आले की डीएनए प्रथिनांपासून मुक्त आहे असे मानतात, आणि बहुतेकांचे आकडे छान आले होते. तरीही पुढच्या पायरीत पीसीआर, म्हणजे डीएनएच्या एका तुकड्याच्या असंख्य प्रती काढण्याची अभिक्रिया, झालाच नाही. मॅडमनी मग २६० आणि २३० या गुणोत्तराकडे लक्ष वेधले. ते २च्या आसपास हवे असताना एकच्याही खाली होते, म्हणजे शर्करा, फिनॉल किंवा क्षार शिल्लक होते आणि पीसीआरच्या एन्झाइमला तेच नडत होते. एखादा आकडा चांगला आला की दुसरा न पाहता पुढे जाण्याचा मोह प्रयोगशाळेत रोज होतो. त्या मोहाला आवर घालायला शिकवणारे प्रॅक्टिकल म्हणून मी उसाच्या या प्रयोगाला पूर्ण गुण देईन. केळे किंवा कांदा घेऊन डीएनएचा गुच्छ दाखवणारे प्रात्यक्षिक दिसायला छान असते, पण त्यातून हे कळत नाही.

ज्या एका गोष्टीसाठी मला ही पदवी घेतल्याचे समाधान आहे, ती पीसीआरच्या प्रॅक्टिकलमध्ये मिळाली. कॅरी मुलिस यांना १९८३मध्ये सुचलेली आणि १९९३मध्ये त्यांना नोबेल मिळवून देणारी ही पद्धत तत्त्वतः साधी आहे. ९४-९५ अंशांवर डीएनएचे दोन धागे वेगळे करायचे, तापमान पन्नास-साठ अंशांपर्यंत खाली आणून प्रायमर, म्हणजे प्रत कुठून सुरू करायची ते ठरवणारे डीएनएचे छोटे तुकडे, चिकटू द्यायचे, ७२ अंशांवर टॅक पॉलिमरेज या एन्झाइमकडून नवे धागे विणून घ्यायचे आणि हेच चक्र पुन्हा पुन्हा करायचे. दर चक्राला दुप्पट या हिशेबाने ३० चक्रांत एका रेणूचे कागदावर १०७ कोटींहून अधिक रेणू होतात. पण ही वाढ हव्या त्या डीएनएची होते तशीच नको त्या डीएनएचीही होते, म्हणून प्रत्येक वेळी एका नळीत नमुन्याऐवजी नुसते पाणी घालतात. त्या नळीत काहीही दिसता कामा नये.

एका दुपारी आमच्या जेलवर, म्हणजे डीएनएचे तुकडे लांबीप्रमाणे पट्ट्यांत वेगळे करणाऱ्या लुसलुशीत वडीवर, पाण्याच्या नळीच्या लेनमध्ये (रांगेत) स्वच्छ, ठळक पट्टा दिसला, आणि तो नमुन्यांच्या पट्ट्याच्या बरोबर रेषेत होता. एक्स्टर्नल परीक्षा जवळ आलेल्या, जर्नल पूर्ण करायची घाई असलेल्या वर्गात अशा वेळी काय होते ते सगळ्यांना माहीत आहे : पुन्हा एकदा लावून पाहू, या वेळी नाही दिसणार. मॅडमनी ते होऊ दिले नाही. त्यांनी फळ्यावर पाणी, बफर, मॅग्नेशियम क्लोराइड, न्यूक्लिओटाइड, दोन प्रायमर आणि एन्झाइम अशी घटकांची यादी लिहिली आणि जितके घटक तितक्या नळ्या लावायला सांगितल्या. प्रत्येक नळीत एकच घटक नवा, बाकी सगळे जुने, आणि नमुना कशातच नाही. जेल चालवून ट्रान्सइल्युमिनेटरच्या अतिनील प्रकाशात धरला तेव्हा एक सोडून सगळ्या लेनमध्ये पट्टा होता. जिथे नव्हता, त्या नळीत एक प्रायमर नव्या कुपीतून घेतलेला होता. म्हणजे जुन्या कुपीत डीएनए शिरला होता. ती कुपी फेकली, उरलेले प्रायमर लहान लहान कुप्यांत विभागले, आणि जर्नलमध्ये त्या दिवशी ‘निष्कर्ष’ या मथळ्याखाली उसाबद्दल एक अक्षरही लिहिता आले नाही. माझ्या मते या अभ्यासक्रमात विकत घेण्यासारखे जे आहे ते हेच : स्वतःच्या निकालावर पद्धतशीर संशय घेण्याची शिस्त, आणि तो संशय वाद न घालता नळ्या लावून फेडण्याची रीत. पीसीआर यंत्र चालवायला आठवडाभरात शिकता येते. कंपन्यांचे लोक येऊन शिकवून जातात. ही रीत मात्र कोणीतरी शेजारी उभे राहून, वेळ वाया जाऊ देऊन शिकवावी लागते.

त्याच्या जोडीला येते ती आकड्यांची जाण. २०२०मध्ये करोनाचे अहवाल घरोघरी आले तेव्हा कोल्हापुरातही लोक सीटी व्हॅल्यूची तुलना परीक्षेच्या गुणांसारखी करत होते. पीसीआर चाचणीत विषाणूचा सिग्नल कितव्या चक्राला दिसू लागला तो हा आकडा. म्हणून तो जितका लहान तितके मूळ नमुन्यातले विषाणूचे आरएनए जास्त. १८ आणि २८ यांत दहाचा फरक दिसतो, पण दर चक्राला दुप्पट धरली तर मूळ प्रमाणातला फरक सुमारे हजारपट असतो. शिवाय स्वॅब नीट घेतला होता का, किट कोणते, कोणते जनुक मोजले, यावर तो आकडा हलतो, त्यामुळे दोन वेगळ्या लॅबमधले आकडे शेजारी ठेवून ‘याला जास्त, त्याला कमी’ म्हणण्यात अर्थ नसतो. माहीत असलेल्या प्रमाणांच्या नमुन्यांवरून काढलेल्या प्रमाणित आलेखाचा उतार -३.३च्या जवळ असला की अभिक्रिया जवळपास शंभर टक्के कार्यक्षम आहे, हे ज्याने एकदा स्वतः आलेख काढून पाहिले आहे, त्याला या गोष्टी शेजारच्या काकांना समजावून सांगता येतात. पदवीचा हा उपयोग माहितीपत्रकात छापलेला नसतो.

आता उणिवा, आणि त्या किरकोळ नाहीत. पहिली उणीव यंत्रांची नसून यंत्रांपर्यंत पोहोचण्याची आहे. आमच्याकडे रिअल-टाइम पीसीआर (प्रती वाढत असतानाच मोजणारे यंत्र) होता, पण तो काचेच्या खोलीत, पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांचे काम चालू असताना एम.एस्सी.च्या बॅचने बाहेरून पाहायचे. प्रथिने ओळखण्याची वेस्टर्न ब्लॉट ही पद्धत पूर्णपणे स्लाइडवर झाली. मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या एचपीएलसी यंत्राचे प्रॅक्टिकल म्हणजे आधीच छापून ठेवलेला आलेख वाचणे. दुसरी उणीव वेळेची, आणि तिला महाविद्यालय एकटे जबाबदार नाही : गारगोटी, गडहिंग्लज, राधानगरीकडून येणाऱ्या मुलींना संध्याकाळची ठरावीक एसटी गाठावी लागते, आणि अकराला सुरू झालेला प्रयोग पाचला संपेलच याची डीएनए हमी देत नाही. त्यामुळे बरेचदा जेल शिपाईमामा किंवा वसतिगृहात राहणारी दोन मुले बंद करत आणि बाकीच्यांना निकाल व्हॉट्सअॅपवरच्या फोटोत दिसे. प्रॅक्टिकल दोन दिवसांत विभागणे हा साधा उपाय होता, पण वेळापत्रकापुढे कोणाचे काही चालले नाही.

सांख्यिकी आणि संगणक या दोन विषयांत तर हा अभ्यासक्रम जवळजवळ वेळ मारून नेतो. दोन सरासरींतला फरक योगायोगाचा आहे का ते तपासणाऱ्या टी-टेस्टचे गणित कॅल्क्युलेटरवर करून घेतले गेले. एकाच नळीतून तीनदा मोजणे आणि तीन वेगळ्या रोपांपासून नमुने घेणे यांत काय फरक आहे, हे कोणी विचारले नाही. वास्तविक पुढे जाऊन सर्वाधिक घोडे इथेच अडते. जैवमाहितीशास्त्राच्या तासाला ब्लास्ट या जुळणारे अनुक्रम शोधणाऱ्या ऑनलाइन साधनावर डीएनएचा एक अनुक्रम टाकून पहिल्या ओळीतले नाव उतरवून घ्यायचे, इतकेच होते. ई-व्हॅल्यू (अशी जुळणी निव्वळ योगायोगाने किती वेळा अपेक्षित आहे तो आकडा) म्हणजे काय, अनुक्रमाचा किती भाग जुळला, हे न पाहता पहिले नाव खरे मानणे ही गोष्ट वर सांगितलेल्या शिस्तीच्या नेमकी उलट आहे. या भागाला ना महागडी रसायने लागतात ना उणे ऐंशीचा फ्रीझर. ‘आर’ आणि पायथॉन या दोन्ही भाषा फुकट आहेत, जनुकांच्या माहितीचे साठे सर्वांना खुले आहेत. जिथे पैसा आडवा येत नाही तिथेही शिकवले जात नाही, याला सबब कोणती द्यायची?

लेखनाबाबत माझे मत संमिश्र आहे. बारावीपर्यंत सेमी-इंग्रजीत शिकलेल्या आमच्यासारख्यांना दर आठवड्याच्या सेमिनारचा धाक असे. एक शोधनिबंध घ्यायचा, त्यातल्या आकृत्या वर्गापुढे समजावून सांगायच्या, आणि लेखकांनी केलेला दावा आकृतीतून खरोखर निघतो का, यावर प्रश्न घ्यायचे. सुरुवातीला सगळे निबंधाचा सारांशच वाचून दाखवत. हळूहळू आधी आकृती पाहायची आणि मजकूर नंतर वाचायचा, ही सवय लागली, आणि इंग्रजीची भीतीही त्या ओघात गेली. याउलट, शेवटच्या सत्रातला प्रकल्प अहवाल म्हणजे मागच्या वर्षीच्या अहवालाची सुधारित आवृत्ती, असाच अनेकांचा समज होता आणि तो खोडून काढायला फारसे कोणी पुढे आले नाही.

नोकरीचे म्हणाल, तर स्पष्ट बोललेले बरे. कोल्हापुरात या पदवीला थेट हाक देणाऱ्या जागा थोड्या आहेत. पॅथॉलॉजी लॅबला बहुधा डीएमएलटी (लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा) झालेला माणूस अधिक सोयीचा वाटतो आणि तो कमी पगारात मिळतो. ऊस व केळीच्या ऊतिसंवर्धनाच्या प्रयोगशाळा, दुग्धव्यवसाय, अन्नतपासणी, कागल-गोकुळ शिरगावच्या बाजूचे काही कारखाने, एवढ्यावर इथला शोध संपतो. बाकीचे पुण्याला किंवा हैदराबादला जातात, किंवा नेट-सेट आणि पीएच.डी.च्या वाटेला लागतात. ऊतिसंवर्धनात आजही मुराशिगे आणि स्कूग यांचे १९६२चे, रोपे वाढवण्याचे पोषक माध्यम पायाभूत मानले जाते. शिवाजी विद्यापीठाची स्थापनाही त्याच वर्षीची, हा योगायोग आम्हाला एका शिक्षकांनी परीक्षेत लक्षात राहावा म्हणून सांगितला होता आणि तो खरोखर लक्षात राहिला.

माझ्या कामातले एक उदाहरण देते, म्हणजे पदवीतले काय उपयोगी पडले आणि काय नाही ते कळेल. गंगावेशीच्या कट्ट्यावर समोर म्हैस पिळून दूध देणाऱ्या या शहरात म्हशीच्या दुधात गाईचे दूध मिसळले आहे का, हा प्रश्न कोणालाही भावनिक वाटेल. प्रयोगशाळेला तो मायटोकॉन्ड्रियातल्या सायटोक्रोम-बी जनुकाचा प्रश्न आहे. दुधात जनावराच्या कासेतल्या पेशी असतात, त्यांतून डीएनए मिळतो, आणि एका पेशीत मायटोकॉन्ड्रियल डीएनएच्या अनेक प्रती असल्यामुळे थोडी भेसळही सापडते. अडचण अशी की दुधातले स्निग्धांश, प्रथिने आणि कॅल्शियम पीसीआरला अडथळा आणतात. त्यामुळे ‘गाईचा पट्टा दिसला नाही’ याचा अर्थ गाईचे दूध नाही असा असू शकतो, तसाच अभिक्रियाच चालली नाही असाही असू शकतो. म्हणून शुद्ध गाईचे, शुद्ध म्हशीचे, माहीत असलेल्या प्रमाणात मिसळलेले, आणि नुसते पाणी, असे नमुने प्रत्येक वेळी शेजारी लागतात, शिवाय डीएनए काढण्याच्या पायरीपासून एक कोरी नळीही. हे पहिल्या दिवशी मला कोणी शिकवावे लागले नाही. ते त्या उसाच्या आणि पाण्याच्या लेनच्या प्रॅक्टिकलमधून आले होते. परंतु पद्धत किती कमी भेसळ पकडू शकते ते ठरवणे, मोजमापातली अनिश्चितता लिहिणे, पिपेट आणि तराजूचे कॅलिब्रेशन, नोंदवहीतली चूक एका रेषेने खोडून शेजारी सही आणि तारीख टाकणे, म्हणजे तपासणी प्रयोगशाळांसाठीच्या आयएसओ १७०२५ या मानकाखाली चालणाऱ्या लॅबचा रोजचा संसार, यातले दोन वर्षांत एका तासालाही काही कानावर पडले नव्हते. विद्यार्थ्यांना तर खोडरबर आणि व्हाइटनर वापरून जर्नल सुबक करायला लावले जाते, आणि लॅबमध्ये नेमके तेच चालत नाही. लॅमिनार एअरफ्लो हे गाळलेली हवा सोडणारे टेबल नमुन्याचे रक्षण करते, माणसाचे नाही, आणि माणसाचे रक्षण करायला बायोसेफ्टी कॅबिनेट लागते, हेही मला नोकरीतच उमगले. दोन्ही यंत्रांना आम्ही सरसकट ‘हूड’ म्हणत होतो.

ज्याला सरकारी नोकरीसाठी केवळ ‘पदव्युत्तर’ हा शिक्का हवा आहे, त्याने हा विषय घेऊ नये. वेळ आणि रसायनांचा खर्च दोन्ही जास्त आहेत आणि टक्केवारी इतर विषयांत सोप्या मार्गाने मिळते. संशोधनात जायचे आहे, किंवा तपासणी प्रयोगशाळेत जबाबदारीची जागा हवी आहे, त्याने जरूर घ्यावा, मात्र सांख्यिकी आणि संगणक स्वतःच्या हिमतीवर शिकण्याची तयारी ठेवून. पाचपैकी गुण द्यायचेच झाले तर मी साडेतीन देईन : हाताला लागलेल्या शिस्तीसाठी तीन, सेमिनारांसाठी अर्धा.

प्रवेशाआधी महाविद्यालयात जाऊन प्रयोगशाळा पाहायला मिळते. तिथे यंत्रांची यादी विचारू नका, ती सगळीकडे लांबलचकच असते. दुसऱ्या वर्षातल्या एखाद्या विद्यार्थ्याला बाजूला घेऊन विचारा की पीसीआर यंत्राच्या वापराच्या नोंदवहीत एम.एस्सी.च्या मुलांची नावे किती दिसतात, प्रकल्पाला रसायने कोण आणते, आणि प्रयोग फसला तर तो पुन्हा लावू देतात की मागच्या बॅचचा फोटो चिकटवायला सांगतात.